दोन ईदांच्या मधला दिवस

सूर बंदर, २० रज्जब, हिजरी ४८३

सुतैता विहीणबाईंना तुर्फाचा सलाम.

नेहमीप्रमाणे सांगतेय मी आणि लिहितेय तुमची लेक. मला अक्षर येत नाही याचा फायदा घेऊन रैहाना मध्येच पदरचं घालते, हे मला चांगलं ठाऊक आहे. आज घालू दे. आज माझंच डोकं ठिकाणावर नाही.

मुफर्रिज पकडला गेला. तुमचा जावई, माझा एकुलता एक. भट्टीची खारी राख संपली होती. राखेशिवाय काच वितळत नाही, आणि ती राख आमच्या समुद्रात पिकत नाही. तुमच्या बाजूच्या माळावरची झुडपं जाळूनच ती होते. काझीसाहेबांचं राज्य होतं तोवर राखेचे उंट थेट दारात येऊन बसायचे. काझीसाहेब पक्के होते, बगदादच्या खलिफालाही नजराणा आणि काहिऱ्याच्या आमच्या इमामालाही. गेल्या साली आमच्या इमामाचं, मिस्रचं आरमार आलं, काझीचं राज्य गेलं, शुक्रवारच्या प्रवचनात, खुतब्यात, आमच्या इमामाचं नाव घेतलं गेलं. मी तर आनंदाने रडले हो. आणि महिना उलटला नाही तोच तुर्कांनी दिमश्कचा रस्ता बंद केला. भट्टी गार पडली. मी म्हटलं, जाऊ नकोस. तर म्हणतो, ‘आई, मी काय लढायला चाललोय? राख तर आणायची.’

बानियासजवळच्या तुर्कांच्या चौकीवर त्याने नाव बदलून सांगितलं, गाव बदलून सांगितलं, सगळं निभावलं. मग दुपारची नमाज लागली. आजूबाजूचे सगळे हात बांधून उभे आणि आमचा हा आमच्या पंथाच्या रीतीने हात सोडून. लहानपणापासूनची सवय, विहीणबाई, ती काय एका दुपारी सुटते? झालं. मिस्रचा हेर म्हणून धरला. बरोबरचा उंटवाला जीव घेऊन पळत आला, त्याने सांगितलं. दिमश्कला नेलाय म्हणे.

तुम्ही त्या गावच्या. गाव तुमचं, पंथ तुमचा, तुर्कही तुमचेच. हे रागाने म्हणत नाही. थोडं रागाने म्हणतेय. माझ्या पोराला शोधा. जिवंत आहे एवढं तरी कळवा.

आई, मी रैहाना. सासूबाईंनी परवापासून अन्नाला हात लावलेला नाही. मीही नाही, पण हे त्यांनी लिहायला सांगितलेलं नाही. हस्सानदादाला आजच्या आज किल्ल्याकडे पाठव.


दिमश्क, ५ शाबान ४८३

तुर्फा विहीणबाई,

आधी उठा आणि जेवा. सापडला. जिवंत आहे, धडधाकट आहे.

आमचा हस्सान तुर्कांच्या घोड्यांची खोगिरं शिवतो हे तुम्हाला लग्नात केवढं खटकलं होतं! ‘जल्लादांचा शिंपी’ म्हणाला होतात, मी विसरलेले नाही. तर त्याच जल्लादांच्या शिंप्याला किल्ल्यात कुणी अडवत नाही. त्याने तळघराच्या जाळीतून त्याला पाहिलं, बोललाही. मी त्याच संध्याकाळी वाडगाभर गव्हा-मांसाचा हरीसा करून पाठवला, वर तूप सोडून. वाडगा रिकामा परत आला आणि पहारेकऱ्याबरोबर जावईबापूंचा निरोप: ‘सासूबाईंना सांगा, मीठ कमी आहे.’ कैदेत बसून जावयाचा तोरा बघा! मी हसले आणि मग चुलीपाशी बसून रडले. आता रोज पाठवते, रोज काहीतरी खोड काढतो. कालच्या मसुरीला धुराचा वास होता म्हणे.

आता ‘तुमचे तुर्क’चं. माझे कुठून झाले? माझ्या अंगणात त्यांचे चार घोडे बांधलेत, विहिरीचं पाणी आधी घोड्यांना, मग मला. त्यांची जीभ मला कळत नाही, माझी त्यांना कळत नाही. खुतब्यात बगदादच्या खलिफाचं नाव घेतात म्हणून आम्ही त्यांना आपले म्हणायचं, एवढंच आमचं त्यांचं नातं. राजे बदलतात, घोडे तेवढे आमच्याच अंगणात येतात.

पण एक वाट दिसतेय. मुफर्रिज ज्या सरदाराच्या ताब्यात आहे त्याचं नाव सोंकुर. त्याचा धाकटा भाऊ तुगान सैद्याजवळच्या चकमकीत तुमच्या लोकांच्या हाती लागला आणि तुमच्याच गावात आरमाराच्या कोठडीत आहे. सोंकुर हस्सानला म्हणाला, ‘मला भाऊ द्या, तुम्ही काचवाला घ्या.’ माणूस तापट आहे, पण भावाचं नाव निघालं की आवाज खाली येतो. आईबाप नाहीत, यानेच त्याला वाढवलंय.

तुम्ही तुमच्या सुभेदाराचे पाय धरा. मी इथे याचे धरते. दोघी मिळून पोराला ओढून काढू.

रैहाना, तू जेव. तुझी खोड तुझ्या बापावर गेलीय, हट्टाने उपाशी राहायची.


सूर बंदर, १९ शाबान ४८३

सुतैता विहीणबाई,

तुमच्या तोंडात साखर पडो. पत्र रैहानाने तीनदा वाचून दाखवलं. मिठाचं वाक्य पाचदा.

सुभेदारसाहेब राजी झाले. सहजासहजी नाही. त्यांच्या बायकोच्या हमामात जाऊन बसले, तिला आमच्या भट्टीची निळी सुरई दिली, भट्टी बंद पडण्याआधीची शेवटची. तिने रात्रंदिवस नवऱ्याचे कान खाल्ले. माझा भाऊ सुलैम आरमाराच्या कचेरीत आहे, त्यानेही शब्द टाकला. तर ठरलं ते असं. ईदला दोन्हीकडे कैदी सोडायची रीत आहेच, म्हणजे कुणाची मान खाली जाणार नाही. ईदच्या तिसऱ्या दिवशी, दुपारच्या नमाजाला, हूनीनच्या डोंगराखालच्या मोडक्या सरायीत दोघांची अदलाबदल. प्रत्येक बाजूला दहा माणसं, त्याहून जास्त नाही. आणि हे नीट वाचा: अमान, म्हणजे जिवाची हमी, त्याच दिवसाची, सूर्य मावळेपर्यंतची. रात्रीला कुणी थांबायचं नाही. थांबला तो दबा धरून बसलाय असं समजून दुसरा त्याच्यावर तुटून पडणार. सुभेदार म्हणाले, तुर्काशी करार म्हणजे निखारा हातात धरणं, जेवढा वेळ थोडा तेवढं बरं.

तुमच्या लेकीची एक गंमत सांगते. गेल्या ईदला आमचं घर सकाळीच कताइफ तळून खात बसलेलं आणि ही खिडकीत उपाशी. म्हणे, आमचा चंद्र अजून दिसला नाही. तिचे सासरे जाऊन दोन वर्षं झाली तरी घरात त्यांचाच कायदा: रैहानाच्या ईदसाठी अर्धं सारण बाजूला ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी पुन्हा ईद करायची. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. आमची सून मात्र दोन्ही ईदा जेवून गोल झालीय. बाकी विहीणबाई, तुमचा चंद्र फार लाजाळू हो. जरा ढग आला की तोंड लपवतो.

सोंकुरचा होकार कळवा. लवकर.

आई, मी गोल झालेले नाही. त्यांच्या अंगरख्याचं माप पाठवतेय, ईदचे कपडे तू शीव. कैदेतल्या कपड्यात त्यांनी घरी येऊ नये.


दिमश्क, ४ रमजान ४८३

तुर्फा विहीणबाई,

होकार! सोंकुरने कुराणावर हात ठेवून हस्सानसमोर शपथ घेतली. दिवस, जागा, वेळ, दहा माणसं, सगळं कबूल. घोड्यांना पाणी पाजणारा त्याचा नोकर सांगत होता, धन्याने भावासाठी नवं खोगीर सांगितलंय. ते आमचा हस्सानच शिवतोय, लाल कातड्याचं. एकाच घरात तुर्काच्या भावाचं खोगीर आणि जावयाचा अंगरखा असं दोन्ही चाललंय, म्हणजे घरात पाय ठेवायला जागा नाही.

आमचा चंद्र लाजाळू, आणि तुमचा? तुमचा तर कागदावर उगवतो. आभाळात असो नसो, काहिऱ्याच्या हिशेबनिसाने लिहिलं की उगवला! मी रैहानाच्या बापाला म्हणायची, अशा घरात पोर देताय जिथे लोक चंद्राला न विचारता ईद करतात. ते म्हणाले, ‘अगं, दोनदा ईद करतात म्हणजे खायला असेल घरात.’ खरं सांगू? त्या माणसाला पारख होती.

रमजानात काफिले थांबतात, त्यामुळे आता पत्राचा काही नेम नाही. आणि आता पत्र हवंय कशाला? आता पत्राच्या जागी माणूसच येईल. मीठ कमी की जास्त, ते आता रैहानानेच बघावं. मी सुटले.

आनंदाचीही भीती वाटायला लागलीय मला. माशाअल्ला म्हणते आणि थांबते.


दिमश्क, ६ शव्वाल ४८३

तुर्फा,

कुठे होतात तुम्ही लोक?

सलाम लिहायचाही धीर नाही मला. आधी सगळं सांगते, मग उत्तर द्या.

रमजान संपत आला तशी माझ्या मनात पाल चुकचुकली. ईदच्या तिसऱ्या दिवशी म्हटलंय खरं, पण कुणाच्या ईदच्या? तुम्हाला निरोप धाडायला वाट नव्हती. मी विचार केला, बोलावणं तुमच्याकडून आलं, दिवस तुमच्या सुभेदाराने ठरवला, म्हणजे ईद तुमचीच. तुमची ईद आमच्या आधी पडते. आम्ही आमच्या ईदवर बसलो तर एक दिवस उशीर होईल, अमान संपेल, सगळं पाण्यात. मी हस्सानला घेऊन सोंकुरकडे गेले. चक्क त्याच्या दारात बसले. म्हटलं, त्यांच्या ईदने चला. तो केवढ्यांदा ओरडला! ‘मी त्या पाखंड्यांच्या ईदने चालू? माझी माणसं तोंडावर हसतील.’ मी म्हटलं, हसू देत, भाऊ तुमचा आहे. त्यावर तो हो म्हणाला.

आमच्या ईदच्या दिवशी, नमाज होते न होते तोच, मेजवानी टाकून ते निघाले. शिपाई कुरकुरत होते. एक जण म्हणाला, सरदार आता मिस्रच्या पंचांगावर चालतात. सोंकुरने ऐकलं. हस्सान वेशीपर्यंत गेला होता. मुफर्रिज खेचरावर बसला होता, अंगात मी शिवलेला अंगरखा, दाढी नीट केलेली. हस्सानला म्हणाला, ‘सासूबाईंना सांग, पुढच्या खेपेला हरीशाला पुरेल एवढा काचेचा हंडा आणतो.’

दुसऱ्या दिवशी, म्हणजे तुमच्या ईदच्या तिसऱ्या दिवशी, ते तिथे होते. दुपार गेली, असरची नमाज गेली, सूर्य बुडाला. सरायीत काळं कुत्रंही आलं नाही.

सोंकुर परतला तेव्हा वेशीत इतकी गर्दी होती की हस्सानला मागचं काही दिसलं नाही. किल्ल्यात विचारलं तर म्हणाले, आहे, पुन्हा तळघरात टाकलाय, कुणाला भेटायचं नाही. मी वाडगा रोज पाठवते. रिकामा येतो. निरोप मात्र येत नाही. रागावला असेल, दुसरं काय? माझ्यावर, तुमच्यावर, सगळ्या जगावर. कुणीही रागावेल.

तुमच्या सुभेदाराने दगा दिला का? की ऐन वेळी पाय मागे घेतला? खरं काय ते लिहा आणि दुसरा दिवस ठरवा. सोंकुर अजून भावासाठी तळमळतोय, मी डोळ्यांनी बघतेय. अजून काही बिघडलेलं नाही.


सूर बंदर, १६ शव्वाल ४८३

सुतैता,

हे पत्र माझा भाऊ सुलैम लिहितोय. रैहानाचा हात चालत नाही.

वाडगा पाठवणं बंद कर.

कुणी दगा दिला नाही. ऐक. आमच्या ईदच्या आदल्या संध्याकाळी समुद्रावरून ढग आले होते. मी गच्चीवर जाऊन पाहिलं आणि म्हटलं, तिकडेही दिसलेला नाही, यांची ईद उद्या नाही, परवा. घरात रैहानाच्या ईदचा हिशेब इतकी वर्षं मीच ठेवत आलेय, मला नाही कळणार तर कुणाला? मी सुलैमला सुभेदाराकडे पिटाळलं. म्हटलं, तुर्क काही आपल्या ईदने येणार नाही, तो त्याच्या ईदने येईल. एक दिवस उशिरा निघा, नाहीतर रिकाम्या सरायीत सूर्य बुडेल. सुभेदार म्हणाले, आपण त्यांच्या चंद्राची वाट बघायची? शिपाई इथेही हसले, सुतैता. पण मी ऐकलं नाही. सुलैमने त्यांच्या पायावर पगडी ठेवली.

तू आमचा मान राखलास. मी तुमचा राखला. एवढा मान राखला नसता तर माझा पोरगा आज घरी असता. दोघींपैकी एक जरी जराशी उद्धट असती तरी वाचला असता तो.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमची माणसं पोचली. सुलैम होता, तुगानही होता, हात मोकळे सोडलेला. मुफर्रिज सरायीच्या कमानीखाली होता. अंगात तुझा नवा अंगरखा. तो आदल्या संध्याकाळपासून तिथे होता. याहून जास्त लिहायला सुलैमला सांगत नाही.

तुगानने बघितलं. तो तिथेच जमिनीवर बसला. मोडकी अरबी येते त्याला. म्हणाला, ‘भावाने मला मारलं.’ सुलैम म्हणतो, त्या घटकेला तो तुर्क वाटत नव्हता, कुणाचंही पोर असावं तसा वाटत होता. दोघांना घेऊन ते परत आले. मी सुभेदाराकडे निघाले होते. काय मागायला निघाले होते ते मलाच ठाऊक नाही, त्या पोराचा जीव की त्याचं मरण. अर्ध्या वाटेत लोक परत येताना भेटले. समुद्राच्या वेशीवर तुगानला फाशी दिलं होतं. मला बरं वाटेल असं लोकांना वाटत होतं. एक बाई माझा हात धरून मुबारक म्हणाली. मी तिच्या थोबाडीत मारली.

मुफर्रिजला रैहानाने स्वतः न्हाऊ घातलं, बायकोला तो हक्क आहे. जनाज्याच्या नमाजाला अल्लाहु अकबरच्या तकबीर तुमच्यात चार, आमच्यात पाच. ती बायकांच्या मागे उभी होती. चार झाल्या, ती थांबली. मग पाचवीही म्हणाली. तेव्हापासून बोलत नाही. लेखणी हातात दिली तर धरते आणि तशीच बसते.

आता तुझ्यासाठी. तुगान मेला हे सोंकुरला कळता कामा नये. रस्ते बंद आहेत म्हणून अजून कळलेलं नाही, पण एक दिवस कळेलच. दिवस बदलायला त्याच्या दारात बसली होतीस तू. सूड घ्यायला त्याला तुझा हस्सान मिळेल. त्याला बाहेर काढ. तुझ्या वाडग्यातलं कोण खातं ते विचारू नकोस. तुला काही ठाऊक नाही असं दाखव.

माझं संपलं. तुझं तरी राहू दे.


दिमश्क, २७ शव्वाल ४८३

तुर्फा,

हे पत्र तुमच्या गावाकडे परतणाऱ्या आजारी म्हाताऱ्याच्या पगडीत शिवून पाठवतेय. वाचलं की जाळा.

तुमचं पत्र आलं तेव्हा घोडेवाला अंगणात होता, म्हणून मला ओरडताही आलं नाही. तोंडात पदर कोंबून पिठाच्या कोठीत जाऊन बसले. मी त्याला ईदचा नाही, कफनाचा अंगरखा शिवला गं. माप पोरीने पाठवलं आणि शिवला मी.

परवा सोंकुर स्वतः आला. माझ्या घरात, माझ्या चटईवर बसला. म्हणाला, ‘त्या काचवाल्याच्या आईला लिही. काचवाला खुशाल आहे म्हणावं. पुन्हा दिवस ठरवू.’ मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. एक स्नायू हलला नाही. नंतर सरायीत कुणी गेलंच नाही असं तो धरून चाललाय. मग विचारलं, ‘माझा भाऊ थंडीचा आजारी पडतो, समुद्राची हवा त्याला मानवत नाही. त्याला पांघरूण देतात का, हेही लिही.’ आणि हे विचारताना त्याचे डोळे भरले. तुर्फा, ज्या माणसाने आपल्या पोराला मारलं त्याला मी पाणी दिलं. मला त्याची दया आली आणि त्या दयेची इतकी शिसारी आली की तो गेल्यावर मी भडभडून ओकले.

तो बसलेला असतानाच मी पत्र लिहिलं. ‘मुफर्रिज खुशाल आहे, जेवतो, तुमची आठवण काढतो.’ ते उघडं पत्र त्याच्याच माणसाबरोबर हूनीनच्या चौकीवर येईल, तिथून तुमच्याकडे. उत्तर तसंच उघडं यायला हवं. तुगान खुशाल आहे असं त्यात हवं. आणि अक्षर रैहानाचं हवं. तुमची जुनी, रैहानाच्या हातची पत्रं त्याने मागून घेतलीत, ताडून बघणार आहे. दुसरं अक्षर दिसलं तर त्याला वास लागेल.

मला ठाऊक आहे मी काय मागतेय. आईने लेकीला असं लिहायला सांगू नये. पण हस्सानला मोसुलच्या काफिल्यात घुसवायचा तर मला वेळ हवाय, आणि काफिला जिल्हेज संपल्याशिवाय निघत नाही. तोवर सोंकुरला आशा लागून राहायला हवी.

रैहानाला इकडे आणायचं म्हटलं तर कुठे आणू? माझं काय होईल ते मलाच ठाऊक नाही. हस्सान गेला की माझ्याकडेच बघतील. मी म्हातारी, कुठे पळणार? तिला तुमच्याजवळच ठेवा. आता ती तुमचीच.


सूर बंदर, ८ जिल्काद ४८३

सुतैता विहीणबाईंना तुर्फाचा सलाम. सांगतेय मी, लिहितेय तुमची लेक.

तुमचं पत्र पोचलं. मुफर्रिज खुशाल आहे हे वाचून घरात सगळ्यांना आनंद झाला. सरदार सोंकुर त्याला चांगलं वागवतात, अल्ला त्यांना त्याचं फळ देवो. त्यांचे भाऊ तुगान इथे खुशाल आहेत. त्यांना लोकरीचं पांघरूण दिलंय. खोकला नाही.

मागच्या खेपेला चूक कुणाची झाली ते आता उगाळायला नको. सुभेदारसाहेब पुन्हा राजी आहेत. जागा तीच, माणसं तेवढीच. दिवस आजपासूनचा नववा शुक्रवार, मोहरमातला. शुक्रवार तुमचा नि आमचा एकच असतो, त्याला ना चंद्र लागतो ना हिशेब. पहिल्या वेळीच वार लिहिला असता तर काम झालं असतं. कुणालाच सुचलं नाही.

हस्सानला आशीर्वाद. त्याच्या कामाला बरकत येवो आणि त्याचा हात कुठे न अडखळो.

आई, मी रैहाना. अक्षर जरा वाकडं आलंय, थंडीने बोटं आखडतात. त्यांना माझा निरोप दे. म्हणावं, राखेचा विचार करू नका. भट्टी पेटली नाही तरी चालेल, आपण दुसरं काहीतरी करू. शुक्रवारी निघताना गरम कपडे घाला. मी पहाटेपासून वेशीत उभी राहीन.